व्हॅनच्या स्टिअरिंगची अकरा कलमी योजना

१ मे २००३, गुरुवार

महाराष्ट्र दिन. क्लासला सुट्टी. आजपासून रोजनिशी नियमित लिहिणार. (मागची नोंद १२ जानेवारीची. तिच्यातही हेच वाक्य आहे.)

व्हॅन वळताना ओरडते. महिनाभर ओरडते आहे, पण मी निरीक्षणाच्या टप्प्यावर होतो. आज औसा रोडच्या कोपऱ्यावर अशी हंबरली की पुढे चाललेला माणूस म्हैस समजून बाजूला झाला. गाडीत झेंडावंदनाहून परतणाऱ्या हॉस्टेलच्या चौदा मुली. चौदाही हसल्या.

हॉस्टेल म्हणजे आमचं घर. राजश्री चालवते. म्हणजे जेवण, खोल्या, पालक, आजारपण वगैरे ती बघते. शैक्षणिक वातावरण माझं.

पाशामियाँच्या गॅरेजसमोर त्यांनीच हात करून थांबवलं. पुढचं झाकण उघडलं, छोट्या टाकीत बोट बुडवलं आणि ते बोट माझ्या नाकाशी धरलं. म्हणाले, "सर, पॉवर स्टिअरिंगचं तेल जळून गेलंय. वास घेऊन बघा. समदं काढून, धुऊन नवं भरावं लागतंय. सोमवारी आणून लावा, दुपारपर्यंत देतो."

हे मुलींसमोर. एकोणीस वर्षं मी फिजिक्स शिकवतो. द्रवाचा दाब, पास्कलचा नियम, हायड्रॉलिक प्रेस. पॉवर स्टिअरिंग म्हणजे दुसरं काय आहे? पाशामियाँ दहावी नापास आहेत. ते स्वतःच सांगतात.

निश्चय: हे काम मी करणार. रविवारी अकरा तारखेला मुलींची एंट्रन्स आहे, सेंटर नांदेड. दहा दिवस हातात. काम चाळीस मिनिटांचं.

२ मे, शुक्रवार

मॅन्युअल सापडलं. जपानी भाषेत आहे.

ही व्हॅन भूकंपाच्या वेळी मदत घेऊन आलेल्या एका परदेशी संस्थेची. किल्लारीकडचं काम संपल्यावर ते लोक गेले, गाडी लिलावात निघाली, मी घेतली. त्या काळी लातुरात पॉवर स्टिअरिंग म्हणजे काय हे समजणारा मी एकटाच होतो. राजश्री तेव्हा म्हणाली होती की हिचे पार्ट कुठे मिळणार. बायकांना तंत्रज्ञानाची भीती असते.

चित्रं स्पष्ट आहेत. त्यावरून अकरा कलमी योजना केली, स्केचपेनने, तीन रंगांत. एका चित्रात गाडीची चावी आहे आणि तिच्यावर मोठी फुली. म्हणजे काम करताना चावी गाडीत ठेवू नये, चोरी होते. जपानी माणूस बारकाईने विचार करतो.

एका चित्रात पुढची चाकं जमिनीपासून उचललेली दाखवली आहेत. ते बहुधा चित्र काढायच्या सोयीसाठी.

३ मे, शनिवार

बसवराजच्या पार्टच्या दुकानात गेलो. तो उदगीरचा, माणूस बरा, पण बोलतो फार. म्हणालो, ब्रेक ऑइल दे दोन लिटर. त्याने विचारलं, कशाला. सांगितलं, स्टिअरिंगला. तो म्हणाला, "न्हाई देत."

मी त्याला समजावलं की द्रव असंपीड्य असतो, म्हणजे दाबून लहान होत नाही, दाब सगळीकडे सारखा पोचतो, द्रव कोणता याने फरक पडत नाही. मागे तीन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांचाही फायदा झाला. बसवराज सगळं ऐकून म्हणाला, "सर, ब्रेकच्या तेलानं आतले रबर फुगून जाते. हे लाल तेल घ्या," आणि दोन डबे माझ्या हातात ठेवले.

शेवटी मी लाल तेल निवडलं.

संध्याकाळी स्टाफरूममध्ये कळलं की फिजिक्सच्या विभागप्रमुखाचं नाव संचालक साहेब लवकरच ठरवणार आहेत. योग आहे. बुधवारी त्यांना व्हॅनमधून घरी सोडायचं. वाटेत सहज विषय काढायचा: हे स्टिअरिंग मी स्वतः केलं.

४ मे, रविवार

काम सुरू. कलम एक: जुनं तेल टाकीतून शोषून घेणे. मेडिकलमधून मोठी सिरिंज आणली. उत्तम चाललं. काळं, दाट तेल. जवळ होतं ते पातेलं घेतलं.

पातेलं मेसच्या वरणाचं निघालं. राजश्रीने ते पातेलं उचलून उजेडात धरलं. मग शांतपणे विचारलं, "अहो, पाशामियाँना काय झालंय?" मी म्हणालो, काही नाही, ठणठणीत आहेत. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडे का नाही नेत?"

मी सांगितलं की अर्धं काम झालंसुद्धा. टाकीतलं सगळं तेल निघालं, साधारण एक कपभर. बाकीचं पाइपांत असणार. पाइप बारीक असतात.

मुलींना दुपारी वरण नव्हतं. कढी केली.

५ मे, सोमवार

आज पाशामियाँ वाट बघत असतील. बघू देत.

कलम दोन ते पाच. तेल ज्या पाइपने टाकीत परत येतं तो पाइप सोडवला आणि बाटलीत घातला. टाकीत नवं तेल ओतलं. ओतलं तेवढं टाकीच्या रिकाम्या झालेल्या भोकातून थेट माझ्या पायावर. चप्पल गेली.

हदगावची अर्शिया रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन कठड्यावर बसली होती. म्हणाली, "सर, ते भोक बंद करावं लागते ना?" तिचे वडील हदगावला ऑइल इंजिन दुरुस्त करतात, त्यामुळे तिला अशा गोष्टींत रस. मी तिला म्हणालो की रविवारी पेपर आहे, लक्ष पुस्तकात असू द्यावं.

ती आत गेल्यावर भोक बंद केलं. खिशात खडू होता. नेमका मापाचा. एकोणीस वर्षांत खडूने मला कधी दगा दिला नाही.

एक डबा जमिनीत मुरला. कढीपत्त्याच्या झाडाला लागला नसावा.

६ मे, मंगळवार, सकाळी ११

कलम सहा: स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवणे, म्हणजे जुनं तेल बाहेर पडतं. स्टिअरिंग जड. साहजिक आहे. इंजिन बंद असताना कुणालाही जडच जाणार. चावी लावली.

६ मे, दुपारी १

सविस्तर लिहितो. इंजिन सुरू होताच बाटली दोन-तीन सेकंदांत भरली आणि पाइप तिच्यातून उडून बाहेर आला. भिंतीवर साधारण माझ्या उंचीपर्यंत लाल रेघ. टाकी कोरडी. पंप किंचाळायला लागला. पूर्वी हंबरत होता, आता किंचाळत होता, म्हणजे बदल घडला एवढं नक्की. गाडी थरथरायला लागली. घाईत चावी उलटी फिरवायच्या ऐवजी मी अॅक्सिलरेटर दाबला.

गल्ली बाहेर आली. सगळी. लेकरांना काखोटीला मारून, ताटावरची माणसं उष्ट्या हाताने. त्यांना भूकंप वाटला. आमच्या गल्लीत दहा वर्षांनीही कुणी दुसरा मजला चढवलेला नाही. चौदा मुली तळमजल्यावर दाटीवाटीने राहतात त्या त्याच कारणाने. समोरच्या सटवाजींची म्हातारी आई अंगणात बसली ती अजून आत जायला तयार नाही. राजश्री तिच्याजवळ जाऊन बसली, हात धरून. मीही गेलो असतो, पण हाताला तेल होतं.

आता चावीवरच्या फुलीचा दुसरा अर्थही लक्षात येतो आहे. मॅन्युअल संदिग्ध आहे.

६ मे, संध्याकाळी

पाइप परत बसवला, उरलेलं तेल भरलं. खडू काढायला गेलो तर अर्धाच हातात आला. उरलेला आत पडला असावा. चुना निरुपद्रवी असतो.

तेलाला गुलाबी फेस. लग्नात देतात त्या रोझ मिल्कसारखा. म्हणजे मिश्रण नीट झालं.

योजना पूर्ण. अकरापैकी सहा कलमांतच झालं.

७ मे, बुधवार

संचालक साहेब गाडीत बसले. मागे बसले असते तर बरं झालं असतं, पुढे बसले.

क्लासपासून हनुमान चौकापर्यंत उत्तम. मी विषय काढला. हे स्टिअरिंग, म्हणालो. ते "हं" म्हणाले. गंजगोलाईत शिरलो, आणि गोलाईच्या वळणावर स्टिअरिंगने जीव सोडला. म्हणजे लोखंड झालं. दोन्ही हातांनी ओढूनही सुटेना, जितकं वळलं होतं तितकंच राहिलं. बाहेर पडायचा रस्ता आला, गेला. गोलाईला सोळा रस्ते आहेत. सोळाही आले, गेले.

दुसऱ्या फेरीत संचालक म्हणाले, "माधवराव, तो होता ना आपला रस्ता?" मी म्हणालो की साहेब, तुम्हाला बाजाराचा अंदाज देतो आहे; नव्या शाखेसाठी जागा बघायचीच आहे आपल्याला. पंप किंचाळत होता, त्यामुळे ओरडून बोलावं लागलं. बांगडीवाल्याने गाडा आत ओढला. भाजीवाल्या आम्हाला ओळखायला लागल्या.

तिसऱ्या फेरीत वेग कमी झाला तेव्हा संचालक उतरले. गाडी थांबलेली नव्हती. रिक्षाने गेले.

त्यांना चालतं वाहन सोडण्याचा चांगला सराव दिसतो. विभागप्रमुखाबद्दल काही बोलणं झालं नाही.

गाडी शेवटी एका कापडाच्या दुकानाच्या पायरीला टेकून थांबली. चार हमालांनी ढकलत घरी आणली.

८ मे, गुरुवार

क्लासला गेलो नाही. ताप आहे असं कळवलं. थोडासा असेलही.

पाइपची क्लिप बसवायची राहिली होती. व्हॅनखाली लाल डबकं. हे किरकोळ आहे, पण तेल संपलं आहे.

राजश्रीने विचारलं, रविवारपर्यंत गाडी होईल का. मी म्हणालो, झालीच आहे.  ती आत जाऊन फोन लावत बसली. एका ट्रॅव्हलवाल्याला, मग दुसऱ्याला, मग मुरुडच्या तिच्या मावसभावाला. लग्नाची दाट तीथ. रविवारी अख्ख्या जिल्ह्यात जीप नाही. आदल्या दिवशी न्यावं तर नांदेडचे लॉजही लग्नांनी भरलेले. पहिली एस.टी. नांदेडला पोचेपर्यंत पेपर सुरू झालेला असेल.

दुपारी हदगावहून अर्शियाच्या वडिलांचा फोन. मीच उचलला. म्हणाले, "सर, लेकरं तुमच्या भरवशावर हायेत. वाहन चांगलं हाय ना?" मी म्हणालो, फर्स्ट क्लास. ते म्हणाले, "मंग काही काळजी न्हाई." आणि विश्वासाने फोन ठेवला.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तिथेच उभा होतो. का ते लिहिण्याचं कारण नाही. जेवण गेलं नाही. ताप असावा.

९ मे, शुक्रवार

पाशामियाँना गाडी बघण्याची परवानगी दिली.

वस्तुस्थिती अशी की मी त्यांच्याकडे जायला निघालो होतो आणि ते आमच्या दारातच भेटले. राजश्रीने काल बोलावणं धाडलं होतं. जुम्याची नमाज करून, पांढऱ्या कपड्यांवरच आले होते. मी त्यांना सांगितलं की मूळ काम झालेलं आहे, फक्त फिनिशिंग बाकी आहे. ते "हाव सर" म्हणाले आणि शर्ट काढून खुंटीला लावला.

टाकी सोडवून त्यांनी उलटी केली. हातावर ओला पांढरा गोळा पडला. त्यांनी तो चोळून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मुली भोवती उभ्या होत्या. अर्शियाने विचारलं, "काका, काय निघालं?" पाशामियाँनी मूठ मिटली. म्हणाले, "गाळ हाय, बेटा. जुन्या गाडीत असतो."

तो खडू होता हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

(आलं असावं. जाताना त्यांनी तो गुपचूप माझ्या खिशात टाकला.)

१० मे, शनिवार

पाशामियाँनी दिवसभर गॅरेज बंद ठेवलं. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. चित्रात तसंच होतं. मला आठवण करून द्यायची राहिली. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायचं, जुनं तेल बाटलीत, वरून नवं, टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. काळं तेल, मग तपकिरी, मग लाल. बसवराज दोन वेळा स्वतः डबे घेऊन आला.

किंचाळणं थांबलं. पण पंपाचं सील गेलं आहे, कोरडा पळवल्यामुळे. पार्ट लातुरात नाही, हैदराबादहून येईल. पाशामियाँ राजश्रीला म्हणाले, "भाभी, गळत राहील. पण वाटंत तीन-चार डाव भरत गेलं तर नांदेड गाठतंय. म्या चालवतो. लेकरांचा पेपर हाय."

मी म्हणालो, गाडीची सवय मला आहे. राजश्री म्हणाली, "तुम्ही तेलाचा डबा धरा."

जबाबदारीचं काम आहे.

११ मे, रविवार, नांदेड, दुपारी १२

पहाटे साडेचारला निघालो. मागच्या सीटवर मी, मांडीवर डबा. चाकूरला भरलं, अहमदपूरला भरलं. लोह्याला चहाला थांबलो.

तिथे मुली घाबरल्यासारख्या झाल्या. एकीने फॉर्म्युले म्हणायला सुरुवात केली, दुसरीला रडू आलं. अर्शियाने पाशामियाँना सहज विचारलं की काका, एवढंसं तेल एवढी जड चाकं कशी वळवते. पाशामियाँनी तेल भरायची मोठी सिरिंज घेतली, फर्स्ट एडच्या डब्यातली बारीक घेतली, दोन्हींत तेल भरून मध्ये नळी लावली. मोठी अर्शियाच्या हातात दिली, बारीक दुसरीच्या. म्हणाले, "तू बारीक दाब. आन् तू अंगठ्यानं मोठी अडवून धर." अर्शियाला अडवता येईना. सगळ्या हसायला लागल्या. मग ते म्हणाले, "आता बघा, बारीक पूर्ण आत गेली, पण मोठी केवढी हलली? एवढीशी. जोर वाढवून घ्यायचा तर लांब दाबत राहावं लागतंय. फुकट काय मिळत न्हाई."

चार मिनिटं. चहाही निवला नव्हता. मी तेव्हा टायर बघत होतो. टायर ठीक होते.

नऊला सेंटरवर. मुली आत गेल्या. पाशामियाँ गाडीखाली गोणपाट टाकून झोपले. राजश्रीने बरोबर आणलेली दशमी त्यांच्या उशाशी झाकून ठेवली. माझी कुठे आहे ते विचारायला हवं.

११ मे, संध्याकाळी

मुली हसत बाहेर आल्या. लहान आणि मोठ्या पिस्टनचा प्रश्न आला होता. मोठा पिस्टन किती वर जाईल. चौदाही जणींचं बरोबर. दरवर्षी निम्म्या मुली यात चुकतात, गुणोत्तर उलटं लावतात. मी म्हणालो, बघा, नोव्हेंबरमध्ये मी दोन तास घेतले होते यावर.

अर्शिया म्हणाली, "हो सर." जरा थांबून म्हणाली, "पण कळलं ते लोह्याला."

खोटं बोलायची तिला सवय नाही.

परतीच्या वाटेत तिचे वडील नांदेडच्या बाहेर रस्त्यावर उभे होते, हदगावहून आलेले. व्हॅनभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून गळती बघितली. उठून पाशामियाँकडे बघितलं. दोघांनी मान हलवली. माझ्याशी हात मिळवला. मी म्हणालो, फोनवर जरा घाईत बोललो. ते म्हणाले, "पोचली ना लेकरं."

१३ मे, मंगळवार

संचालकांनी बोलावलं. मला वाटलं, विभागप्रमुखपद. त्यांनी विचारलं, लोह्याला मुलींना शिकवणारा तो माणूस कोण. चौदा मुलींनी चौदा ठिकाणी सांगितलं आहे. उन्हाळी बॅचसमोर त्याचं एक लेक्चर ठेवा, म्हणाले.

मी स्वतः निरोप घेऊन गेलो. पाशामियाँ म्हणाले, "फळ्यासमोर म्या काय बोलू, सर? तुमचं काम ते." मी लगेच मान्य केलं. पण मग ते थोडा विचार करून म्हणाले, "गाडी आणतो. उघडून दाखवतो."

१७ मे, शनिवार

क्लासच्या आवारात व्हॅन उभी केली. चाकं जॅकवर. दोनशे पोरं, गच्चीवर सुद्धा. संचालक खुर्ची घेऊन पहिल्या रांगेत. पाशामियाँनी हैदराबादहून आलेलं सील बसवायचं कामच सगळ्यांसमोर केलं, आणि करता करता बोलत गेले. पोरं प्रश्न विचारत होती. एकोणीस वर्षांत माझ्या तासाला इतके प्रश्न आले नाहीत. माझं शिकवणं स्पष्ट असतं.

माझी भूमिका मध्यवर्ती होती. स्टिअरिंगवर मी. ते "डावीकडं" म्हणाले की डावीकडे, "उजवीकडं" म्हणाले की उजवीकडे. पूर्ण टोकापर्यंत, पण टोकाला दाबून धरायचं नाही, हे मी दुसऱ्या वेळेपासून बरोबर केलं. संपूर्ण प्रयोग माझ्या हालचालीवर अवलंबून होता. हे संचालकांच्या नजरेतून सुटलं नसणार.

साडेदहाला पाशामियाँ म्हणाले, "बस सर, झालं. उतरा आता."

उतरलो.